खाडीच्या तोंडाशी उतरणारा पायलट

माझे अब्बा पायलट होते, आणि साठी उलटेपर्यंत त्यांनी विमान फक्त खालून पाहिलं होतं. हे मला लहानपणी इतक्या जणांना समजावून सांगावं लागलं की पुढेपुढे मी चिडायलाच लागले. चौथीत 'माझे वडील' हा निबंध लिहिला, तेव्हा बाईंनी तो वर्गात मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "मग विमान कुठं ठेवतात गं तुझे वडील?" सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत पोरं दोन्ही हात पसरून घरघर करत माझ्याभोवती फिरली. मी घरी येऊन दप्तर आपटलं आणि अब्बांना म्हणाले, "तुम्ही दुसरं काहीतरी व्हा."

अब्बा तेव्हा ओट्यावर बसून बांबूला सूत गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय होऊ, बाय?"

"लूमवाले व्हा. सगळ्यांचे अब्बा लूमवाले आहेत."

"सगळेच लूमवाले झाले तर बोटी कोण आणणार?" ते म्हणाले आणि सुताला गाठ मारली.

भिवंडीत बंदराकडच्या मोहल्ल्यात आमचं घर. पुढच्या दाराला लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट आणि मागच्या दाराला खाडीचा वास. खाडीतून तेव्हा अजून मचवे आणि पडाव यायचे. कौलं, लाकूड असा माल आणायचे आणि रेती घेऊन मुंबईकडे जायचे. बाहेरून येणाऱ्या तांडेलाला समुद्र ठाऊक असतो, आमची खाडी ठाऊक नसते. आणि खाडीतला गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो. गेल्या साली जिथं दोन पुरुष पाणी होतं, तिथं यंदा गुडघाभर. म्हणून परकी बोट खाडीच्या तोंडाशी थांबायची, अब्बा तिथं तिच्यावर चढायचे आणि तिला आत आणायचे. जाताना तसंच, भरल्या बोटीवर इथून चढायचे आणि तोंडाशी पोचले की छोट्या होडीत उतरून मागे फिरायचे.

बोट चालवायची तांडेलानं. सुकाणू त्याच्याच हातात. अब्बा नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला उभे राहून बांबूनं पाणी मोजायचे आणि ओरडून सांगायचे, "डावीकडं घे... अजून... बस." बांबूवर दर हातभर अंतरावर रंगीत सूत गुंडाळलेलं असायचं. शेजारच्या कारखान्यात उरलेलं. तांबडं दिसलं की थोडं पाणी, हिरवं बुडालं की निर्धास्त. बांबू दर साली दिघाशीहून यायचा. तिथले एक शेतकरीकाका अब्बांचे दोस्त होते, ते भात कापून झालं की खांद्यावर नवा बांबू टाकून यायचे, अम्मीच्या हातचं जेवायचे आणि जुना बांबू मांडवाला म्हणून घेऊन जायचे. ही देवघेव कधी सुरू झाली ते दोघांनाही आठवत नव्हतं.

पायलट हा शब्द अब्बांनी मुंबईच्या गोदीतून आणला होता. तरुणपणी ते काही वर्षं तिथं एका लाँचवर होते. मोठ्या जहाजांना बंदरात आणणाऱ्या साहेबांना जहाजापर्यंत न्यायचं आणि आणायचं. त्या साहेबांना पायलट म्हणत. साहेब पांढऱ्या कपड्यांत दोरीच्या शिडीवरून चढायचे, उतरायचे, आणि खाली लाँचमध्ये अब्बा त्यांचा पाय धरायला उभे. परत भिवंडीला आले तेव्हा साहेबांचे कपडे नव्हते, जहाजं नव्हती, शिडी नव्हती. पण काम तेच, म्हणून शब्दही तोच. मोहल्ल्यानं तो उचलला. त्यांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा माहीत नव्हतं.

अब्बांचे दोन नियम होते. पहिला, बोट हातात असेपर्यंत चहा घ्यायचा नाही. तांडेलानं कितीही आग्रह केला तरी नाही. बोट तोंडाशी आली, पुढे मोकळं पाणी दिसलं, की मग होडीत उतरण्याआधी एक कप. दुसरा नियम, उतरताना बोटीच्या फळीवर हातानं दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, "पुढं सरळ हाय." मागे वळून पाहायचं नाही. मग होडीनं काठाला आणि तिथून एसटीनं घरी. बांबूसकट. बांबूचं अर्धं तिकीट काढायचं की नाही यावरून त्यांचं दर वेळी कंडक्टरशी भांडण व्हायचं, आणि घरी आल्यावर ते भांडण आम्हाला दोन्ही आवाजांत ऐकवलं जायचं.

हे नियम पाण्यापुरते राहिले असते तर ठीक होतं. पण आमच्या घरातून कोणीही लांबच्या वाटेला लागलं की अब्बा त्याच्यासोबत निघायचे आणि धामणकर नाक्यावर उतरायचे. भाऊ आखातात नोकरीला निघाला तेव्हा सगळी भावकी विमानतळावर गेली, आणि जन्मदाता बाप नाक्यावर उतरला. टॅक्सीच्या टपावर दोनदा थाप, "पुढं सरळ हाय," आणि नाक्यावरच्या टपरीवर चहा. भाऊ रडत होता आणि अब्बा बशीत फुंकर घालत होते. माझ्या लग्नात तर कहर झाला. सासर कल्याणला. नवऱ्या मुलाच्या सजवलेल्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी अब्बा जाऊन बसले. सासरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नाक्यावर गर्दी फोडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागायच्या बेतात होती, तेव्हा अब्बांनी गाडी थांबवली, उतरले, बॉनेटवर थाप मारली. मी काचेतून पाहत राहिले. ते टपरीकडे चालत गेले, आणि वळून पाहिलं नाही. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की कल्याण येईपर्यंत रडूच आलं नाही. आता वाटतं, कदाचित म्हणूनच ते तसं करत असावेत.

नव्वद साल जवळ येता येता बोटी थांबल्या. गाळ वाढला, माल ट्रकनं यायला लागला, खाडीच्या काठाशी गोदामं उभी राहिली. अब्बा चुलत भावाच्या लूमच्या कारखान्यात कापडाचे तागे मोजायला बसू लागले. दिघाशीचे काका तरी दर साली बांबू घेऊन यायचे. "आवंदा बोट न्हाय आली तर म्होरल्या साली येल," असं म्हणायचे आणि जेवायला बसायचे. अब्बा नव्या बांबूला सूत गुंडाळायचे आणि दाराआड उभा करून ठेवायचे.

अब्बांना आणि अम्मीला हजला जायचं होतं. कारखान्यातून दोन पांढरी कापडं खास विणून घेतली होती, एहरामची, म्हणजे हजला पुरुष अंगावर घेतात ती. शिवण नसलेली, जाडसर. आणखी दोन कापडं होती, त्यांच्याबद्दल अम्मी आवाज खाली करून बोलायची. ती मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून आणायची होती आणि मग ठेवून द्यायची, दोघांच्या शेवटच्या दिवसासाठी. चारही कापडं एका पत्र्याच्या पेटीत घडी घालून कितीतरी वर्षं पडली होती. कारण अब्बांना बोटीनंच जायचं होतं. मुंबईहून जेद्दाला तेव्हा हजची बोट सुटायची. तिच्यात जागा थोड्या, अर्ज फार, चिठ्ठ्या टाकून नावं काढत. आमचं नाव दर साली राहायचं. विमानाचा अर्ज भरा, असं कोणी म्हटलं की अब्बा ऐकलं न ऐकलंसं करायचे. पालथ्या घड्यावर पाणी. अम्मी कधी भांडली नाही. फक्त रमजान संपला की पेटी उघडायची, कापडांना ऊन दाखवायची आणि म्हणायची, "तुमची बोट कधी लागंल?"

मग अम्मी आपटायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा, स्टुलाला गुडघा. सुईत दोरा एका दमात ओवायची, पण शेजारी ठेवलेला तांब्या तिला दिसायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. नजर बाजूंनी आत येत चालली आहे. गेलेली परत येणार नाही, आहे ती औषधानं जितकी टिकेल तितकी. परतताना रिक्षात अम्मी एवढंच बोलली, "काबा डोळ्यानं बघायला मिळाला म्हणजे बस. नंतर गेली तर गेली."

त्याच साली हजच्या बोटी बंद झाल्याची बातमी आली. यापुढे सगळे विमानानं. मला वाटलं, चला, सुंठेवाचून खोकला गेला. आता अब्बांना विमानात बसण्याशिवाय गत्यंतर नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. अब्बा म्हणाले, "बंद केल्यात, परत चालू करतील. थांबू."

मी तेव्हा भिवंडीजवळच्या शेलार गावात एका शाळेत शिकवत होते. शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश होता, कोणी हात लावत नसे. एका मोकळ्या तासाला मी सहज पायलट शब्द काढून पाहिला, आणि मधल्या सुट्टीची घंटा मला ऐकूच आली नाही. शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला होता. फ्रेंचांकडे तो इटलीकडून आला होता, आणि त्याच्या मुळाशी ग्रीकांचं वल्हं होतं. साधं वल्हं. वल्ह्याचा झाला सुकाणू, सुकाणूचा झाला वाट दाखवणारा माणूस, आणि शेकडो वर्षं हा माणूस पाण्यावरच होता. मग कोणीतरी हवेत फुगा सोडला, त्याखाली टोपली बांधली, आणि त्या टोपलीत बसून दिशा सांभाळणाऱ्याला नवं नाव शोधायचा कंटाळा केला. पाण्यावरचंच नाव उचलून वर नेलं. फुग्यामागून विमान आलं. आणि विमानानं नाव असं काही बळकावलं की भिवंडीच्या चौथीच्या वर्गाला वाटलं, माझे अब्बा खोटं बोलतात.

मला चौथीतला सगळा अपमान भरून निघाल्यासारखा वाटला. शिवाय हातात आयतं हत्यार मिळालं होतं. शाळा सुटल्यावर मी कल्याणला न जाता थेट माहेरी गेले. अब्बा ओट्यावरच होते. मी वल्ह्यापासून विमानापर्यंत सगळं सांगितलं, फळ्यावर शिकवल्यासारखं. ते कान देऊन ऐकत होते. वल्ह्यापाशी त्यांनी "वाह" म्हटलं.

"म्हणजे आधी आमचाच होता," ते म्हणाले.

"तुमचाच होता. पण बघा, अब्बा, शब्दानंसुद्धा हट्ट धरला नाही. पाणी आटलं तसा विमानात जाऊन बसला. तुम्हीच तेवढे बसत नाही."

अब्बा माझ्याकडे वळले. "एक सांग. विमानाचा पायलट उतरतो कुठं?"

"कुठं म्हणजे? जिथं विमान उतरतं तिथं."

"मधी नाय उतरत?"

"अब्बा, आकाशात कुठं उतरेल?"

"मग तो पायलट नाय," अब्बा शांतपणे म्हणाले. "शेवटपर्यंत जातो तो तांडेल. पायलट वाट दाखवतो आणि उतरतो. नाव नेलं लोकांनी वर. काम नाय नेलं."

मी इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या धड्यावर असा लाल शेरा कोणी मारला नव्हता. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी माझा तोल गेला. "शब्दांचा कीस कसला काढत बसलाय? तुमच्या बोटीपायी अम्मी आंधळी होईल! काबा न बघताच जाईल ती!"

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. अम्मीनं ऐकलं होतं. अब्बांचा चेहरा पडला. ते खाडीच्या बाजूला वळले, जिथं आता गोदामाची भिंत होती. मग मला म्हणाले, की स्वतःला, कुणास ठाऊक.

"इतकी वर्सं तोंडापर्यंत गेलो, बाय. समोर दर्या आणि मी होडीत उतरायचो. दुसऱ्यांच्या बोटी गेल्या. मला एकदा नाय उतरायचं. एकदा बोट तोंडातनं बाहेर पडंल आणि मी वरच असंन, एवढंच हवं होतं."

हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी अम्मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. दारात तिच्या उजव्या हाताला बांबू टेकवलेला होता, नेहमीच्याच जागी. तिची नजर सरळ आमच्यावर होती. खांदा बांबूला लागला, बांबू आडवा झाला, कप खाली. अम्मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. म्हणाली, "दिसलाच नाय गं मला."

अब्बा उठले. त्यांनी बांबू उचलला. मला वाटलं आत नेऊन ठेवतील. पण त्यांनी अम्मीला हाताला धरून स्टुलावर बसवलं, समोर बघायला सांगितलं, आणि तिच्या कानाच्या रेषेत, जरा मागे, बांबू धरला.

"तांबडं दिसतं का?"

"नाय."

त्यांनी बांबू चार बोटं पुढे आणला. "आता?"

"नाय."

अजून पुढे. अजून. ज्या हातांनी खाडीचा तळ मोजला त्या हातांनी ते अम्मीची नजर मोजत होते. मी कपाच्या तुकड्यांत उभी. बांबू तिच्या गालाच्या पुढे आला, नाकाच्या जवळ आला, तेव्हा अम्मी म्हणाली, "हां. आता दिसलं." दुसऱ्या बाजूनंही तसंच. अब्बांनी दोन्ही खुणांमधलं अंतर वितीनं मोजलं. दीड वीतही नव्हतं.

त्यांनी बांबू भिंतीला उभा केला. "ओहोटी लागली हाय," ते म्हणाले. "आता थांबलो तर रुतलो." मग माझ्याकडे वळले. "उद्या फॉर्म आण. विमानाचा."

नाव लागलं, दोघांचंही. निघायच्या दिवशी सकाळी दिघाशीचे काका आले, खांद्यावर बांबू.

"पायलट, काठी न्हाय नेत?"

"विमानात नाय घेत रे."

"मंग तथं पानी कसा मोजशील?"

"पायानं," अब्बा म्हणाले. दोघं हसले, आणि काकांनी डोळे पुसले.

जीप ठरवली होती. ड्रायव्हर परका होता, पडघ्याकडचा. पुढे अब्बा, मागे अम्मी, मी आणि माझा नवरा. मला कधीपासून त्यांना विमानतळावर सोडायचं होतं. भावाच्या वेळी गर्दीत मला काही दिसलं नव्हतं, या वेळी काचेपर्यंत जायचं ठरवलं होतं. अम्मी पुटपुटत दुवा म्हणत होती. पत्र्याची पेटी तिच्या पायाशी. धामणकर नाक्यावर नेहमीसारखा रिक्षांचा गुंता होता. तो सुटला, पुढे रस्ता दिसायला लागला, आणि अब्बा म्हणाले, "थांबव."

ड्रायव्हरनं थांबवली. अब्बा उतरले. बॉनेटवर दोनदा थाप मारली. "पुढं सरळ हाय."

ड्रायव्हर बिचारा आज्ञाधारक. त्यानं गाडी सोडली.

मला कळायला दोन क्षण लागले. मग मी ओरडले, "अहो थांबा! हाजीसाहेब खाली राहिले!" मागे बघते तर अब्बा टपरीच्या वाटेला लागलेले, आणि टपरीवाल्यानं सवयीनं ग्लास भरायला घेतलेला. मी उतरून धावत गेले आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. मग त्यांना समजलं. मी हसणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आलं नाही. ते घाबरले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"सवय गं," ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "बाय, पायलट उतरल्याबिगर बोट बाहेर जात नाय. कोणीतरी उतरायला पायजे."

एरवी मी वाद घातला असता. म्हटलं असतं, हा रस्ता आहे, खाडी नाही, आणि अम्मी तिकडे वाट बघतेय. पण मी त्यांना जीपपर्यंत नेलं, पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं. अम्मीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हवेत चाचपला, मी तो धरला. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही जा यांच्याबरोबर. मी इथंच उतरते."

"आणि विमानतळ?"

"राहू दे."

मी बॉनेटवर दोनदा थाप मारली. मोठ्यानं. "पुढं सरळ हाय, अब्बा."

जीप निघाली. मागे वळून पाहायचं नाही हा नियम मी मोडला. दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. टपरीवर भरलेला ग्लास तसाच होता. तो मी प्यायले. गार झाला होता.

दीड महिन्यानं दोघं परत आली. घरात माणसं मावेनात. खजूर वाटले, झमझमचं पाणी वाटलं, पांढरी कापडं भिजून, वाळून, घडी होऊन पेटीत आली होती. अब्बा सगळ्यांना विमान समजावून सांगत होते, जणू त्यांनीच चालवलं. "मी बघत होतो. पायलट शेवटपर्यंत नाय उतरला. तांडेलच तो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीपण नाय उतरलो."

माणसं पांगल्यावर अम्मी बोलली. काबा पहिल्यांदा नजरेस पडतो तेव्हा मागितलेली दुवा कबूल होते, असं आमच्यात मानतात. म्हणून माणसं मान खाली घालून आत जातात, आणि अगदी समोर पोचल्यावर नजर उचलतात. अम्मीला बाजूचं दिसत नव्हतं आणि गर्दी तर समुद्रासारखी. अब्बांनी तिचं मनगट धरलं आणि कानाशी सांगत राहिले.

"डावीकडं ये... पायरी हाय... थांब, जाऊ दे त्यांना... अजून नको बघू... अजून नको... आता बघ."

"आणि?" मी विचारलं.

"समोरच होता," अम्मी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती हसत होती. "पूर्ण दिसला. बाजूचं नाय दिसलं. मला बाजूचं कशाला पायजे होतं?" मग अब्बांकडे बोट करून, तक्रारीच्या सुरात, "पण हे बघ ना. घरातनं निघाल्यापासून चहाला शिवले नायत. विमानात दिला, नको. तिथं भेटायला आलेल्या तुझ्या भावानं थर्मास भरून आणला, नको. दीड महिना! मी विचारून थकले."

अब्बा खांबाला टेकून बसले होते. मी विचारलं, "अब्बा, पहिली नजर पडली तेव्हा तुम्ही काय मागितलंत?"

"कधी?"

"काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा."

"मला कुठं दिसला? माझी नजर हिच्या पायावर. खाली नाय बघितलं तर हिला नेणार कसा?" त्यांना माझा प्रश्नच खुळचट वाटला होता. "तिचं बघून झालं, मग मी बघितला. तोवर गर्दीनं ढकललं."

"म्हणजे तुमची दुवा राहिली?"

अब्बांनी अम्मीकडे पाहिलं. ती उंबऱ्याच्या आत, चटईवर, पाय पसरून बसली होती.

"बोट पोचली ना घरी?" त्यांनी मला विचारलं.

"पोचली."

"मग चहा टाक."